इमारतीतली पाकोळी, ताडावरची पाकोळी आणि त्यांचं गोत

गिरगावातल्या तुमच्या जुन्या इमारतीत, प्रवेशदाराच्या आतल्या छताला पिसांची आणि काड्यांची घरटी एकमेकांना खेटून चिकटलेली आहेत. वडिलांच्या जुन्या पुस्तकात त्या पक्ष्याचं नाव हाऊस स्विफ्ट आहे, मोबाइलवरचं ॲप लिटल स्विफ्ट म्हणतं, आणि शेजारचे काका ठामपणे सांगतात की ही भिंगरी. यातलं कोण बरोबर, पाकोळ्यांच्या एकूण जाती किती, आणि पुढच्या वर्षी इमारतीची दुरुस्ती निघेल तेव्हा या घरट्यांचं काय करायचं, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंय.

आधी काकांचं. त्यांची गल्लत फार जुनी आणि फार मोठ्या माणसांनी केलेली आहे. सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये युरोपातल्या पाकोळीला भिंगरीच्याच वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं होतं. स्कोपोली या निसर्ग-अभ्यासकाने 1777 मध्ये तिचा वेगळा वंश केला. दिसण्यावरून जायचं तर लिनिअसला दोष देता येत नाही. पाकोळी आणि भिंगरी दोघीही उडते किडे हवेतच टिपतात. त्यामुळे दोघींचे पंख लांब आणि टोकदार, मान आखूड, चोच इवलीशी आणि जबडा मात्र डोळ्यांच्या खालपर्यंत उघडणारा. एकच काम करता करता दोन वेगळी घराणी सारखी दिसायला लागली, एवढंच. भिंगरी चिमणी, बुलबुल, कावळा यांच्या गणातली आहे. पाकोळीचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे अमेरिकेतले हमिंगबर्ड.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. फुलासमोर हवेत थांबून मध पिणारा पक्षी आणि दिवसभर आभाळात सुसाट फिरणारा पक्षी, यांचं नातं कसं? ते पंखाच्या आतल्या हाडांत सापडतं. दोघांच्याही दंडाचं हाड अगदी आखूड आणि जाडजूड असतं, आणि पंखाची जवळजवळ सगळी लांबी मनगटापुढच्या भागाची असते. शेपटीत पिसं दहाच. भिंगरीच्या शेपटीत बारा असतात. अमेरिकेत वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकांत सापडलेल्या सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या एका चिमुकल्या पक्ष्याचं वर्णन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. पाकोळ्या आणि हमिंगबर्ड यांची घराणी वेगळी होण्याआधीच्या पक्ष्यांपैकी तो एक मानला जातो. डीएनएच्या अभ्यासांनीही हे नातं पक्कं केलं आहे, आणि आणखी मागे गेलं की याच फांदीवर रातवे येतात. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात संध्याकाळी वाटेवर बसणारा रातवा हा तुमच्या प्रवेशदारातल्या पाकोळीचा लांबचा भाऊबंद आहे, आणि तिच्या शेजारून उडणारी भिंगरी तिची कोणीही लागत नाही. काही याद्यांमध्ये पाकोळ्या आणि हमिंगबर्ड यांचा स्वतंत्र गण ठेवतात, काहींमध्ये त्यांना रातव्यांच्याच मोठ्या गणात घेतात. त्यात नातं बदलत नाही, रेघ कुठे ओढायची एवढाच फरक आहे.

पाकोळ्यांच्या बाबतीत मला हेच सांगायचं असतं: उडताना दिसणाऱ्या आकारावर फार विसंबू नका. हवेने सगळ्यांनाच एका साच्यात घातलंय. खरी ओळख पायांत आणि घरट्यात आहे.

पाय बघायची संधी क्वचित मिळते. पहिल्या मोठ्या पावसानंतर लोक पडलेल्या पाकोळ्या माझ्याकडे घेऊन येतात. हातात घेतली की पहिली जाणीव होते ती नखांची. पक्षी जेमतेम 25 ग्रॅमचा, पण शर्टाच्या कापडात नख अडकवलं की सोडवताना एकेक बोट अलगद उचलावं लागतं. पाय इतके आखूड की पोटाच्या पिसांत दिसतच नाहीत. आणि मागे जाणारं बोट नाही: चारही बोटं पुढे वळू शकतात. चिमणी किंवा भिंगरी मागच्या बोटाने तार पकडून बसते, पाकोळीला ते जमत नाही. ती भिंतीला, खडकाला, घरट्याच्या कडेला उभी लटकते. म्हणून एक साधा नियम सांगतो. विजेच्या तारेवर रांगेत बसलेले पक्षी दिसले तर त्या भिंगऱ्या असतील, पाकोळ्या नक्कीच नाहीत.

आता घरटं. मुंबईच्या इमारतींवर आणखी एक पक्षी राहतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. तो म्हणजे डस्की क्रॅग मार्टिन, भिंगरीच्या कुळातला, सगळा धुरकट तपकिरी. तोही खिडकीच्या सज्जाखाली घिरट्या घालतो. पण त्याचं घरटं चिखलाचं असतं. ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक लावून केलेली वाटी, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक गोळी वेगळी दिसते. लालबुड्या भिंगरीचं घरटंही चिखलाचंच, फक्त त्याला सुरईसारखी मान काढलेली असते. तुमच्या फोटोत चिखलाचा कणही नाही. कबुतराची पिसं, गवताच्या काड्या, कापसाचे पुंजके, एक दोऱ्याचा तुकडा, हे सगळं वाळलेल्या लाळेने एकमेकांना आणि छताला डकवलेलं आहे. हे सामान पाकोळी जमिनीवर उतरून गोळा करत नाही, वाऱ्यावर तरंगणारं उडता उडता पकडते. विणीच्या काळात तिच्या लाळग्रंथी फुगतात, आणि ती लाळच तिचा गारा. तेव्हा ही पाकोळीच.

मग पुस्तक बरोबर की ॲप? आपापल्या काळात दोघंही बरोबर. वडिलांचं पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या पांढऱ्या कंबरेच्या या छोट्या पाकोळ्या एकच जात मानल्या जात, आणि तिचं नाव हाऊस स्विफ्ट. पुढे तिचे दोन भाग झाले. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारताचा बहुतेक भाग इथली ती लिटल स्विफ्ट, शास्त्रीय नाव एपस अफिनिस. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे चीन, जपान, आग्नेय आशियात राहते ती एपस निपालेन्सिस, आणि हाऊस स्विफ्ट हे इंग्रजी नाव तिच्याकडे गेलं. नावात निपालेन्सिस आलं ते हॉजसन या निसर्ग-अभ्यासकामुळे, त्याने तिचं वर्णन नेपाळमधून केलं. दोघींतला फरक बारीक आहे. पूर्वेकडचीचा रंग जास्त काळपट आणि शेपटीला किंचित खाच असते, आपल्याकडची शेपूट मिटलेली असताना सरळ कापल्यासारखी आणि पसरली की गोलसर दिसते. मुंबईत जी दिसते ती अफिनिस. पक्षीनिरीक्षणाच्या जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवा: मुंबईच्या 1970 च्या टिपणात हाऊस स्विफ्ट लिहिलं असेल तर ती तुमच्याच दारातली पाकोळी समजा.

एकूण जातींचा आकडा विचारलात. पाकोळ्यांच्या कुळात आज 110 च्या आसपास जाती मानतात, आणि भारतात त्यातल्या पंधरा-सोळा. आकडा मोघम सांगतोय, कारण प्रत्येक यादीगणिक तो दोन-चारने हलतो आणि पुढेही हलत राहील. त्याचं एक उदाहरण मुंबईकराला जवळचं वाटेल. फोर्क-टेल्ड स्विफ्ट नावाची दुभंगलेल्या शेपटीची, पांढऱ्या कंबरेची मोठी पाकोळी सैबेरियापासून हिमालयापर्यंत एकच जात धरली जायची. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संग्रहालयाच्या मनोऱ्यातल्या पाकोळ्यांचा अभ्यास करणारे डेव्हिड लॅक यांनी 1958 मध्ये तिबेटच्या पूर्वेकडच्या पाकोळ्यांना सलीम अलींचं नाव दिलं, पण उपजात म्हणून. 2011 मध्ये या सगळ्या समूहाची नव्याने छाननी झाली. घशाचा रंग, पोटावरची खवल्यांसारखी नक्षी, कंबरेच्या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी, शेपटीची खोली, हे सगळं मोजून एकीच्या चार जाती करण्याची शिफारस झाली. त्यांतली एक सलीम अलीज स्विफ्ट, दुसरी हिमालयातली ब्लाइद्स स्विफ्ट. सलीम अलींचं बालपण तुमच्या गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीत गेलं. त्यांच्या नावाची पाकोळी मात्र तिबेटच्या पठारावर आणि पश्चिम चीनच्या डोंगरांत वीण करते.

कुळाच्या आत काय काय आहे ते आता बघू. सर्वांत जुनी फांदी अमेरिकेतली. त्या पाकोळ्या घरट्याला लाळ वापरतच नाहीत. शेवाळ आणि चिखल ओल्या कड्यावर दाबून बसवतात, आणि पुष्कळदा धबधब्यामागे. ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या इग्वासू धबधब्यात ग्रेट डस्की स्विफ्ट पाण्याच्या पडद्यातून आरपार जाऊन मागच्या खडकाला चिकटतात. लाळेचा गारा ही युक्ती उरलेल्या पाकोळ्यांच्या शाखेत दिसते.

उरलेल्यांचे तीन गट पाडतात. एक नीडलटेल आणि त्यांचे नातलग. यांच्या शेपटीच्या पिसांचे दांडे टोकाशी सुईसारखे बाहेर आलेले असतात आणि खडकाला किंवा झाडाच्या ढोलीत लटकताना टेकू देतात. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित रानांवर ब्राऊन-बॅक्ड नीडलटेल दिसते, भारी अंगाची, डोक्यावरून गेली तर पंखांचा सूं आवाज येणारी. पाकोळ्यांतल्या सर्वांत मोठ्या जातींपैकी काही याच गटात आहेत. नीडलटेल ताशी 169 किलोमीटरने उडते हे वाक्य बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्या मोजमापाचा भरवशाचा तपशील उपलब्ध नाही, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. स्वीडनमध्ये युरोपातल्या साध्या पाकोळीचा सपाट उडतानाचा वेग नीट मोजला गेला, तो ताशी 111.6 किलोमीटर भरला. माझ्या लेखी तो आकडा पुरेसा थक्क करणारा आहे.

दुसरा गट स्विफ्टलेटचा, आणि वर्गीकरणाची खरी गुंतागुंत इथे. अंगाने चिमुकल्या, रंगाने बहुतेक सगळ्या तपकिरी, आशियाच्या बेटाबेटांवर पसरलेल्या. मेलेला नमुना टेबलावर ठेवला तर तज्ज्ञही गोंधळतो. पूर्वी या सगळ्या कोलोकेलिया या एकाच वंशात होत्या. पक्षी-अभ्यासक रिचर्ड ब्रूक यांनी 1970 च्या सुमारास त्यांचे तीन वंश केले, आणि कसोटी म्हणून त्यांच्या वागण्याला महत्त्व दिलं. काही स्विफ्टलेट काळोख्या गुहेत टिकटिक असा आवाज करतात आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतात. वटवाघळांचा असा आवाज बहुतेक वेळा आपल्या कानांच्या पलीकडचा असतो, यांचा मात्र स्वच्छ ऐकू येतो. असा आवाज करणाऱ्या मळकट रंगाच्या त्या एरोड्रेमस, न करणाऱ्या चकचकीत पाठीच्या त्या कोलोकेलिया, आणि धबधब्याशी राहणारी मोठी जात तिसऱ्या वंशात. व्यवस्था फार सुटसुटीत होती. 1996 मध्ये डीएनए तपासल्यावर एरोड्रेमसच्या जाती खरोखरच एकमेकींच्या जवळच्या निघाल्या. पण 2004 मध्ये फिलिपाइन्समधली पिग्मी स्विफ्टलेटही टिकटिक करते असं प्रसिद्ध झालं, आणि ती तर कोलोकेलियातली! म्हणजे हा गुण एका फांदीत दोनदा उपजला किंवा काहींमध्ये नंतर हरवला. आवाजाची कसोटी एकटी पुरत नाही हे तेव्हा कळलं. याच पक्ष्यांच्या अंगावरच्या पिसांतल्या उवांचीही वंशावळ काढली गेली आहे, आणि ती पक्ष्यांच्या वंशावळीशी बऱ्याच अंशी जुळते. यजमान वेगळे होत गेले तशा उवाही वेगळ्या होत गेल्या.

यातली एक आपल्या महाराष्ट्रात आहे, इंडियन स्विफ्टलेट. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, एका मोठ्या गुहेत तिची वसाहत आहे. ही जात फक्त पश्चिम घाट, त्यालगतची बेटं आणि श्रीलंका एवढ्याच टापूत सापडते. तिच्या घरट्यात लाळेबरोबर काड्या, शेवाळ, पिसं असतात. अंदमानातल्या जातीचं घरटं जवळजवळ निव्वळ लाळेचं असतं, आणि परदेशात सूपासाठी त्याला मोठा भाव मिळतो. आपल्याकडचं घरटं हलक्या प्रतीचं मानलं जात असलं तरी वेंगुर्ल्याच्या गुहेत चोरटी तोड झालेली आहे. वाईट याचं वाटतं की बांबू बांधून वर चढलेला माणूस अंडी आणि पिल्लं खाली टाकूनच घरटं खरवडतो.

तिसरा गट नेहमीच्या पाकोळ्यांचा, त्यात तुमची पाकोळी येते. याच गटातली अल्पाइन स्विफ्ट पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या आभाळातही येते. तळहाताहून लांब अंग, पंखांचा पसारा अर्ध्या मीटरहून जास्त, पोट पांढरं आणि छातीवर तपकिरी पट्टा. सह्याद्रीच्या कड्यांवर ती पाहावी. स्वित्झर्लंडमध्ये तीन अल्पाइन पाकोळ्यांच्या पाठीवर नोंदयंत्रं बांधली होती. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत त्या आफ्रिकेत जाऊन परत येईपर्यंत 200 दिवसांहून जास्त काळ हवेत होत्या. साधी युरोपीय पाकोळी त्याहून पुढे गेली: 2016 च्या स्वीडिश अभ्यासात काही पक्षी वर्षातले दहा महिने जवळपास न टेकता उडत राहिले. लिटल स्विफ्टचं तसं नाही. ती बारा महिने इथेच असते आणि रात्री बहुधा त्याच घरट्यात झोपायला येते. तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाला हीच गोष्ट लागू पडते.

त्याआधी ताडपाकोळीबद्दल थोडं, कारण मुंबईकरांना ती दिसूनही दिसत नाही. गोराई, उत्तन, वसईकडे जिथे ताड शिल्लक आहेत तिथे मान वर करून दोन मिनिटं थांबा. बारीक अंगाची, राखट तपकिरी, पांढरी कंबर नसलेली, लांब दुभंगलेली शेपूट बहुतेक वेळ मिटून ठेवणारी पाकोळी झाडाभोवतीच फिरताना दिसेल. ताडाच्या झापाच्या खालच्या बाजूला, घडीच्या आत, ती बोटभर पिसांची वाटी लाळेने चिकटवते. झाप वाऱ्यात गदागदा हलतं, म्हणून अंडीसुद्धा लाळेने घरट्याला चिकटवून ठेवते. हिची आफ्रिकेतली बहीण पूर्वी हिच्याच जातीत मोजायचे, आता दोन जाती. ताड छाटताना वाळलेली झापं सरसकट ओढून काढली तर हिची अख्खी वीण जाते.

आणि राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरला, उंच निष्पर्ण फांदीवर ताठ बसलेली, डोक्यावर तुरा असलेली निळसर राखी पाकोळी दिसली, तर माझा नियम मोडला असं समजू नका. ती वृक्षपाकोळी. तिचं कुळ वेगळं आहे आणि जगात त्यात चारच जाती. हिचं मागचं बोट मागेच असतं, म्हणून ती फांदीवर बसू शकते. नराचे गाल विटकरी. घरटं इतकं लहान की त्यात एकच अंडं मावतं, आणि पक्षी त्यावर न बसता फांदीवर टेकून अंडं पिसांनी झाकतो. खालून पाहणाऱ्याला फांदीची गाठ वाटावी.

आता दुरुस्ती. लिटल स्विफ्टची वीण आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर चालते. दोन ते तीन अंडी, आणि पिल्लं पाच-सहा आठवडे घरट्यात. एका जोडीचं आटोपलं की दुसरीचं सुरू असतं, त्यामुळे वसाहत कधीच पूर्ण मोकळी नसते. काम नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या, आणि छताचा तो भाग शक्य असेल तर तसाच सोडा. तो काढावाच लागला तर निम्मी घरटी या वर्षी आणि निम्मी पुढच्या वर्षी असं करा. नव्या छताचा गिलावा अगदी गुळगुळीत करू नका, लाळेला धरायला खरबरीतपणा लागतो. कबुतरांसाठी जाळी लावणार असाल तर ती प्रवेशदाराच्या कमानीवर लावू नका. पाकोळी सरळ आत झेपावते, तिला जाळी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चिमण्या यातली काही घरटी बळकावतील, त्यांना हाकलत बसू नका, तो त्यांचा जुनाच व्यवहार आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं पाडणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्ह्यात मोडतं, हे ठेकेदाराला कामाच्या करारातच लिहून द्या. तोंडी सांगितलेलं परांचीवरच्या मजुरापर्यंत पोहोचत नाही.

कामाच्या वेळी एखादी खाली पडली तर तिला हवेत भिरकावू नका. पाकोळी जमिनीवरून उडूच शकत नाही हे खरं नाही, धडधाकट असेल तर ती पंख आपटत उठते. नाही उठली तर दमलेली, जखमी किंवा पिल्लू असेल. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून अंधारात तासभर ठेवा, दूध, भात, पाव काहीही देऊ नका. मग गच्चीवर जा आणि पक्षी उघड्या तळहातावर छातीच्या उंचीला धरून वाट पाहा. जाण्यासारखी असेल तर आधी अंग थरथरवेल आणि स्वतःच निघेल. नाहीच गेली तर वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला कळवा, आणि त्याआधी पसरलेल्या पंखाचा व शेपटीचा एक फोटो काढून ठेवा. पिसांची वाढ पाहून ते पिल्लू आहे की मोठी पाकोळी, हे मला लगेच सांगता येईल.